कॉम्प्रेसर सुरू झाला की सॉर्टेक्स बंद: एका दाल मिलच्या जनरेटरचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं शेतकरी उत्पादक कंपनीची एक तूरडाळ मिल आहे, फार मोठी नाही, तासाला दहा-बारा क्विंटल माल काढणारी. डिसेंबर-जानेवारीत तूर निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत मिल जोरात असते आणि नेमकं त्याच दिवसांत गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी सगळ्या शिवारात पंप चालू असतात, लाईट येते-जाते, म्हणून मिलला जनरेटर लागतंच. यांच्याकडं ६२.५ केव्हीएचा सेकंडहँड सेट आहे, इंजिन चांगलं, अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) ब्रशलेस, आत साधं एव्हीआर कार्ड, म्हणजे व्होल्टेज आपोआप जागेवर धरणारं कार्ड. मी जनरेटरचं आणि मोटर वाइंडिंगचं काम करतो म्हणून हे प्रकरण माझ्याकडं आलं.

तक्रार एकच होती. जनरेटरवर मिल चालू असली की सॉर्टेक्स मधेच बंद पडते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सॉर्टेक्स म्हणजे डाळीतला काळा, किडका, टरफल राहिलेला दाणा कॅमेऱ्यानं ओळखून हवेच्या फटक्यानं बाजूला उडवणारी मशीन. ती बंद पडली की परत चालू व्हायला, कॅमेरे आणि लाईट जागेवर यायला वेळ जातो, तोवर वरच्या हॉपरमधे माल तुंबतो, आणि बंद पडायच्या त्या क्षणाला जो माल च्यूटवरून घसरत असतो तो न निवडताच चांगल्या डाळीत जाऊन पडतो. एका कट्ट्यात मूठभर काळे दाणे दिसले की व्यापारी पूर्ण लॉटचा भाव पाडतो, त्याला बाकीचे कट्टे उघडून पाहायची गरजच वाटत नाही. आता ही मिल दोन-चारशे शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभी आहे, तिथं किलोमागं दोन रुपये कमी येणं म्हणजे कुणाच्या तरी घरचा खर्च अडणं, म्हणून मला हे प्रकरण नुसतं वायरिंगचं वाटलं नाही.

मी जायच्या आधी काय काय झालं होतं ते ऐका. एव्हीआर कार्ड बदलून झालं होतं, मग दुसऱ्या मिस्त्रीनं येऊन परत एकदा बदललं होतं. कुणीतरी व्होल्टेज सावरणाऱ्या सर्व्हो स्टॅबिलायझरचं कोटेशन देऊन गेला होता, ते अध्यक्षांच्या टेबलावर पेपरवेटखाली होतं. आणि एका डीलरनं सांगितलं होतं की सेटच चुकीचा आहे, पीएमजीवाला, म्हणजे एव्हीआरला वेगळ्या चुंबकावरून पॉवर देणारा, नवीन सेट घ्या, सगळं सुतासारखं सरळ होईल. म्हणजे तीन माणसं, तीन उपाय, आणि मीटर कुणीच लावलं नव्हतं.

ऑपरेटर पोराला विचारलं, कोणती मोटर चालू केली की बंद पडते? तो म्हणला, "काका, आमी त कोनतीच मोटर चालू नाई करत, सगळं चालूच रायते, अन् आपोआप बंद पडते न." या एका वाक्यात अर्धं उत्तर होतं. कुणी हात लावला नाही तरी मिलमधे एक मोटर आपल्या मनानं चालू-बंद होत असते, ती म्हणजे सॉर्टेक्सला हवा देणारा कॉम्प्रेसर. टाकीतलं प्रेशर खाली आलं की प्रेशर स्विच त्याला चालू करतो, भरलं की बंद. १५ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर, आणि स्टार्टर डीओएल, म्हणजे मोटरला थेट पूर्ण व्होल्टेजवर उठवणारा! म्हणजे सॉर्टेक्स ज्याच्या हवेवर जगते तोच तिला पाडत होता.

मोजायचं कसं यावर थोडं बोलतो कारण इथंच बरेच जण फसतात. साधं डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतं, व्होल्टेज अर्ध्या सेकंदासाठी खाली जाऊन वर आलं तर त्याला धड दिसतही नाही, तुम्ही म्हणाल २३० च्या आसपास आहे, काही प्रॉब्लेम नाही. मिन-मॅक्स पकडून ठेवणारं मीटर पाहिजे, आणि करंटसाठी इनरश, म्हणजे मोटर उठतानाचा झटका, मोजणारं क्लॅम्प मीटर. फ्रिक्वेन्सी पण त्याच वेळी पाहायची, ती न पाहता व्होल्टेजवर मत देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सगळ्यात आधी न्यूट्रलचे नट-बोल्ट टाइट आहेत का ते पाहायचं, ते इथं ठीक होते.

मिल पूर्ण चालू असताना सॉर्टेक्सच्या फेजवर न्यूट्रलशी २२४ व्होल्ट होते, बाकी दोन फेजवर २३८ आणि २४१. फ्रिक्वेन्सी ४९ च्या आसपास. कॉम्प्रेसर उठला की तोच २२४ चा आकडा १५८ पर्यंत खाली, फ्रिक्वेन्सी ४६ ला, आणि सावरायला सेकंद-दीड सेकंद. सावरताना परत वर उसळी, २६२ पर्यंत. ही उसळी कुणाच्या लक्षात येत नाही पण सॉर्टेक्सचा पॉवर सप्लाय उडवायला तीच पुरते.

आता हे असं का होतं ते आकड्यात पाहू, फार अवघड नाही. १५ एचपी म्हणजे ११ किलोवॅट, फुल लोडला २१ अँपियरच्या आसपास. डीओएलवर उठताना सहा-सात पट, म्हणजे १३५ अँपियर धरा, ४१५ व्होल्टवर हे ९७-९८ केव्हीए होतात. ६२.५ केव्हीए सेटचा फुल लोड करंटच ८७ अँपियर आहे! आणि मिलचा ५५-६० अँपियर आधीच चालू. अल्टरनेटरचा एक आकडा असतो, ट्रान्झियंट रिॲक्टन्स, अचानक मोठा लोड आला की अल्टरनेटर आतून किती अडवतो ते सांगणारा, कॅटलॉगमधे एक्स-डी-डॅश म्हणून लिहिलेला असतो, या साइजला ०.१५ ते ०.२० च्या मधे सापडतो. ०.१८ धरला तर ६२.५ ला ०.१८ नं भागा, ३४७ येतात. आता ९८ ला (९८ + ३४७) नं भागा, ०.२२ येतं. म्हणजे पहिल्या झटक्यात २२ टक्के व्होल्टेज बसणारच, एव्हीआर कितीही भारी असू द्या, कारण पहिल्या काही सायकलमधे एव्हीआरला हातपाय हलवायलाच वेळ मिळत नाही, फिल्डमधला, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या वाइंडिंगमधला, करंट वाढायला वेळ लागतो. हे मी अध्यक्षांना कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा ते म्हणले, "मंग मीटरात तीस टक्के काहून आले भाऊ?" बरोबर प्रश्न होता. वरचे सात-आठ टक्के कुठून आले, हेच खरं तर या प्रकरणाचं मर्म आहे, आणि व्होल्टेज कंट्रोलच्या पद्धतींमधला फरकही तिथंच कळतो.

त्यांच्या सेटचा एव्हीआर सेल्फ एक्सायटेड प्रकारचा आहे, म्हणजे एव्हीआर चालायला लागणारी पॉवर तो अल्टरनेटरच्या मेन वाइंडिंगमधूनच घेतो. व्होल्टेज बसलं की एव्हीआरची स्वतःचीच पॉवर कमी होते, आणि ज्या वेळी फिल्डला जास्तीत जास्त करंट द्यायचा असतो नेमकं त्याच वेळी त्याच्याकडं द्यायला कमी असतं. घरचा कमावताच आजारी पडला आणि औषधाचे पैसेही त्यानंच आणायचे, तसं. स्थिर लोडवर हा एव्हीआर एकदम चांगला, एक-दीड टक्क्यात व्होल्टेज पकडून ठेवतो, स्वस्त आहे, कुठंही मिळतो, आपल्याकडच्या बहुतेक सेटला हाच असतो आणि त्यात वाईट काही नाही. पण प्लेटवरचा तो एक टक्का म्हणजे लोड स्थिर असतानाचा आकडा. मोटर उठताना काय होईल ते तो आकडा सांगतच नाही, आणि विकणारे तोच आकडा बोट ठेवून दाखवतात.

दुसरं कारण इंजिन. मोटर उठताना पॉवर फॅक्टर ०.३ च्या आसपास असतो, म्हणजे ९८ केव्हीएतले ३० किलोवॅट खरे इंजिनवर येतात, आणि मिलचे ३० च्या वर आधीच चालू. सेट ५० किलोवॅटचा. इंजिन बसणारच. इंजिन बसलं की फ्रिक्वेन्सी खाली, आणि इथं एव्हीआरमधली एक सोय मधे येते जिला युएफआरओ म्हणतात, अंडर फ्रिक्वेन्सी रोल ऑफ. फ्रिक्वेन्सी ठरलेल्या हद्दीखाली गेली की एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज कमी करतो, म्हणजे लोड हलका होऊन इंजिनला उसंत मिळते आणि फिल्ड वाइंडिंग जळत नाही. ही हद्द ५० हर्ट्झच्या सेटला साधारण ४७.५ वर ठेवतात. यांच्या कार्डावरचा तो पॉट, म्हणजे सेटिंगचा छोटा स्क्रू, कुणीतरी फिरवून ४९ च्या वर नेऊन ठेवला होता, कार्डावरची छोटी लाल एलईडी मिल चालू असताना सतत लुकलुकत होती. म्हणजे एव्हीआर बिचारा सांगत होता की मी मुद्दाम व्होल्टेज कमी करतोय, इंजिनकडं पाहा, आणि लोक कार्डच बदलत होते.

इंजिनकडं पाहिलं तर डिझेल फिल्टर चोकअप. डिझेल कॅनमधे भरून ठेवायचे, तळाचं पाणी-गाळ तसाच टाकीत जायचा. फिल्टर बदलला, वॉटर सेपरेटर साफ केला, इंजिनचा वेग धरणारा गव्हर्नर नो-लोडला ५२ हर्ट्झवर लावला म्हणजे पूर्ण लोडवर ५० राहतो, मेकॅनिकल गव्हर्नरला तीन-चार-पाच टक्के उतार असतोच. युएफआरओ ४७.५ वर आणला. स्टॅबिलिटीचा पॉट पण थोडा फिरवला, तो फार मंद होता म्हणून ती २६२ ची उसळी यायची, फार जलद केला तर बल्ब फडफडतात, मधला सापडेपर्यंत हळूहळू फिरवायचं, बारीक स्क्रूड्रायव्हरनं, घाई नाही. एवढ्यावरच तीस टक्क्यांची बसणूक तेवीस-चोवीसवर आली आणि उसळी २४८ च्या आत. एक रुपयाचं नवीन सामान नाही, फिल्टर सोडून.

तरी सॉर्टेक्स पडत होती. कमी वेळा, पण पडत होती.

मग तिचाच फेज का खाली, हा मुद्दा. या एव्हीआरला दोनच वायर सेन्सिंगच्या, म्हणजे तो दोन फेजमधलं व्होल्टेज पाहून सगळं ठरवतो, तिसऱ्या फेजचं काय चाललंय त्याला कळत नाही. आणि मिलवाल्यांनी काय केलं होतं तर सॉर्टेक्स, तिच्या खोलीचा एसी, ऑफिस, सगळ्या ट्यूबलाइट, वजनकाटा, सगळं सिंगल फेज एकाच फेजवर, नेमक्या त्या न पाहिलेल्या. एसी आणि ऑफिस दुसऱ्या फेजवर, लाइट तिसऱ्यावर टाकले, तिन्ही फेज २३० ते २३५ मधे आले. थ्री फेज सेन्सिंगचे एव्हीआर मिळतात, ते तिन्हींची सरासरी धरतात, पण सरासरी म्हणजे समानता नव्हे, लोड वाटून न घेता नुसतं सेन्सिंग बदललं तर एक फेज खाली आणि एक वर राहणारच. लोड वाटणं हे वायरमनचं काम आहे, कार्डाचं नाही.

सर्व्होचं सांगतो. आपल्या भागात व्होल्टेजचं दुखणं म्हटलं की पहिला उपाय सर्व्हो, आणि लाइनचं व्होल्टेज दिवसभर १८०-१९० राहत असेल तर तो खरंच कामाचा आहे. पण त्यात मोटरनं ब्रश सरकवून व्होल्टेज सावरतात, त्याला वेळ लागतो. अर्ध्या-एक सेकंदात खाली जाऊन वर येणारी बसणूक त्याच्या हाती लागत नाही, उलट तो वर सरकायला लागतो तोवर जनरेटर सावरलेलं असतं आणि वाढीव व्होल्टेज मशीनवर जातं. मी ते कोटेशन परत पाठवायला सांगितलं.

आता पीएमजी. डीलरचं म्हणणं खोटं ठरवायचं किंवा खरं, दोन्हीसाठी एकच रस्ता होता, भाड्यानं तसा सेट आणून त्याच लोडवर चालवून पाहायचं. तेवढ्याच केव्हीएचा सेट पुसदकडून भाड्यानं आला, मागच्या बाजूला शाफ्टवर कायमस्वरूपी चुंबकाचा छोटा जनरेटर, तो एव्हीआरला वेगळी पॉवर देतो, मेन व्होल्टेज बसो की राहो एव्हीआरचं पोट भरलेलंच. मीटर काय म्हणालं? पहिली बसणूक जवळपास तेवढीच, बावीस टक्क्यांच्या आसपास. फरक पडला तो सावरण्यात, अर्ध्या सेकंदाच्या आत व्होल्टेज जागेवर, आणि आणखी खाली घसरणं अजिबात नाही. सॉर्टेक्स कधी टिकली, कधी पडली! कारण तिचा पॉवर सप्लाय काही मिलिसेकंदच दम धरतो, पहिला झटका तिला पुरतो. पीएमजीनं पहिला झटका जात नाही हे लोकांना कुणी सांगत नाही, तो घालवायचा तर कमी एक्स-डी-डॅशचा, म्हणजे सहसा मोठा अल्टरनेटर घ्या, नाहीतर मोटरचा झटकाच कमी करा.

पण म्हणून पीएमजीला नावं ठेवू नका, त्याची खरी किंमत दुसरीकडं आहे. शॉर्ट सर्किट झालं तर सेल्फ एक्सायटेड सेटचं व्होल्टेज कोसळतं, त्याच्याबरोबर एव्हीआरही कोसळतो, करंट पुरेसा येत नाही आणि मेन ब्रेकर, म्हणजे एमसीसीबी, ट्रिप व्हायला उशीर होतो किंवा होतच नाही, केबल मात्र तापत राहते. पीएमजीवाले सेट साधारण तिप्पट करंट दहा सेकंदांपर्यंत देऊ शकतात, ब्रेकर नक्की पडतो. ज्या मिलमधे जनरेटरपासून पॅनल लांब आहे, केबल पोत्यांच्या थप्पीमागून गेलीय, धूळ-कोंडा आहे, तिथं ही गोष्ट आगीशी संबंधित आहे, भावाशी नाही. दुसरा फायदा, मिल पावसाळाभर बंद असते, दिवाळीनंतर सेट चालू करावा तर व्होल्टेजच येत नाही, कारण सेल्फ एक्सायटेडला सुरुवातीला जी उरलीसुरली चुंबकशक्ती लागते ती गेलेली असते. मग एव्हीआर काढून फिल्डच्या दोन वायरना बारा व्होल्टची बॅटरी क्षणभर दाखवावी लागते, प्लस प्लसलाच, नाहीतर उलटं होतं. पीएमजीला हे लागत नाही.

या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे, ऑक्झिलरी वाइंडिंगचा. स्टेटरमधेच वेगळं वाइंडिंग घालून एव्हीआरला पॉवर देतात, काही मेकमधे अशी दोन वाइंडिंग असतात, एक व्होल्टेजप्रमाणे आणि एक लोडच्या करंटप्रमाणे देणारं, मोटर उठताना करंट वाढला की दुसरं जोर देतं. मागे चुंबक लटकवायला नको, लांबी वाढत नाही, पीएमजीपेक्षा सहसा स्वस्त, आणि मोटरच्या लोडला चांगलं. मला मिलसाठी हा प्रकार सगळ्यात पटतो. अडचण एकच, वाइंडिंग जळलं तर खेड्यातल्या दुकानात तसंच परत भरून मिळेल याची खात्री नाही, मोजून-नोंदवून भरणारा कारागीर लागतो.

संचालकांपैकी एका काकांचा आग्रह होता की आमच्या ट्रॅक्टरवरचं जनरेटर लावून पाहा, शेतात कधी धोका दिला नाही त्यानं. पाहिलं. २५ केव्हीएचा स्लिप रिंगवाला अल्टरनेटर, ट्रॅक्टरच्या पीटीओवर, ५४० च्या फेऱ्या पुलीनं १५०० वर नेलेल्या. यात एव्हीआर कार्डच नाही. स्टेटरमधे तिसऱ्या हार्मोनिकचं (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट) वेगळं वाइंडिंग असतं, त्याचं व्होल्टेज डायोडच्या ब्रिजमधून कार्बन ब्रशवाटे फिल्डला जातं. लोड वाढला की हार्मोनिक वाढतो, फिल्ड आपोआप वाढतं. १५ एचपीचा कॉम्प्रेसर त्याच्यावर टाकण्यात अर्थ नव्हता, साडेसात एचपीचा ब्लोअर टाकला, आणि खरं सांगतो, सावरणं पाहून मलाही बरं वाटलं, साध्या एव्हीआरवाल्यापेक्षा ते लवकर सावरलं. पण नो-लोडला २३६, लोडला २२१, फ्रिक्वेन्सी ५२ वरून ४७ ला, वेव्हही शुद्ध नाही. विहिरीवरची मोटर, ब्लोअर, कडबा कटर यांच्यासाठी उत्तम, दुरुस्ती म्हणजे ब्रश आणि ब्रिज, दहावी न झालेला पोरगाही करतो. सॉर्टेक्ससारख्या मशीनला नाही. काकांना तसं सांगितलं, त्यांनी मान्य केलं. जुन्या जिनिंगमधे कंपाउंड एक्सायटेशनचे मोठे स्लिप रिंग अल्टरनेटर असायचे, सीटी आणि रिॲक्टरवाले, त्यांचीही तीच तऱ्हा, व्होल्टेज अडीच-पाच टक्के इकडंतिकडं पण मोटर उठवायला भक्कम, कारण लोडचा करंटच फिल्डला खायला घालतो. दुकानदारांकडं असतात ते छोटे कपॅसिटरवाले सिंगल फेज सेट या चर्चेतच नकोत, तिथं व्होल्टेज म्हणजे कपॅसिटर आणि इंजिनचा स्पीड, बस.

मग शेवटी काय केलं. झटका जिथून येतो तिथंच कमी केला. कॉम्प्रेसर उघडून पाहिला तर अनलोडर व्हॉल्व्ह अडकलेला, म्हणजे बंद झाल्यावर हेडमधली हवा सुटायचीच नाही, मोटर दर वेळी भरल्या प्रेशरवर उठायची. तुम्ही लक्ष दिलं असेल तर कॉम्प्रेसर बंद झाला की फुस्स असा आवाज येतो, तो इथं येतच नव्हता, ऑपरेटरला वाटायचं चांगलं आहे, हवा वाया जात नाही. व्हॉल्व्ह साफ केला, आवाज आला. मग स्टार्टर. स्टार-डेल्टा, म्हणजे आधी कमी व्होल्टेजवर उठवून मग पूर्णवर नेणारा, स्वस्त पडतो, लाइन करंट एक तृतीयांश होतो, टॉर्कही (फिरवायचा जोर) एक तृतीयांश होतो, पण स्टारमधून डेल्टात जाताना परत झटका बसू शकतो, म्हणून व्होल्टेज हळूहळू चढवणारा सॉफ्ट स्टार्टर घेतला, करंट फुल लोडच्या तिपटीवर बांधला. ६३ अँपियर म्हणजे ४५ केव्हीए, वरच्याच सूत्रात टाका, साडेअकरा टक्के येतात. मीटरात २३२ वरून २०५ दिसले, हिशोब जुळला. टाकीही मोठी लावली म्हणजे कॉम्प्रेसर वारंवार उठत नाही.

सॉर्टेक्सच्या इलेक्ट्रॉनिक्सला ऑनलाइन यूपीएस, ५ केव्हीएचा. लाइन-इंटरॅक्टिव्ह नको, तो बदलताना मधे खंड पडतो. जनरेटरवर चालवायचा म्हणून इनपुटची फ्रिक्वेन्सीची मर्यादा ४५ ते ५५ आहे का हे आधी पाहून घेतलं, नाहीतर तो जनरेटरचं व्होल्टेज घेतच नाही, बॅटरीवर चालत राहतो आणि अर्ध्या तासात शिट्टी वाजवतो. एसी यूपीएसवर टाकायचा नाही हे दारावर लिहून लावलं, कारण उन्हाळ्यात कुणीतरी टाकणारच.

तुरीचं टरफल काढणाऱ्या २० एचपीच्या रोलचं एक राहिलं. त्याला स्टार-डेल्टा होता पण टायमर तीन सेकंदांवर, रोल जड असल्यामुळं तेवढ्यात पूर्ण वेग धरत नाही आणि डेल्टात गेला की डीओएलसारखाच झटका. टायमर नऊ सेकंदांवर नेला, करंट खाली आलेला क्लॅम्पवर पाहून ठरवलं. आणि लाईट मधेच गेली की रोलमधे तूर भरलेली राहते, तशा भरल्या रोलला उठवायला पोरं दोन-तीनदा बटण दाबायची, आता खालची पट्टी उघडून घमेल्यात माल काढायचा, मग जनरेटरवर घ्यायचा असं ठरवून दिलं, आणि आधी रोल, मग पॉलिशर आणि ब्लोअर, मग चाळणी-एलिव्हेटर, सगळं बसल्यावर शेवटी सॉर्टेक्स, हा क्रम पॅनलवर पेंटनं लिहिला. पोरांनी सुरुवातीला कुरकुर केली, घमेली उपसायला कुणाला आवडतं, पण रात्रीच्या पाळीत सॉर्टेक्स परत परत लावत बसण्यापेक्षा ते परवडलं.

हंगामभर सॉर्टेक्स व्होल्टेजमुळं पडली नाही. एकदा पडली ती हवेचा पाइप निसटल्यामुळं, त्याचा जनरेटरशी संबंध नव्हता. डिझेलचा हिशोब वेगळा ठेवायला सांगितला, एका लिटरला सव्वातीन-साडेतीन युनिट धरून, कारण जनरेटरचं युनिट लाइनच्या कितीतरी पट महाग पडतं आणि ते कोणत्या मालावर खर्च झालं हे सभासदांना दिसलं पाहिजे.

पुढच्या वर्षी त्यांना दुसरा रोल लावायचा आहे आणि हरभराही काढायचा आहे, म्हणजे मिल मेपर्यंत चालणार. तेव्हा हा सेट पुरणार नाही, कारण अल्टरनेटरचं रेटिंग ४० डिग्रीला असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात शेडमधे ४५-४६ सहज होतात, पाच डिग्रीमागं तीन टक्के तरी कमी धरावे लागतात, शिवाय इंजिनचं वेगळं. नवीन सेट ऑक्झिलरी वाइंडिंगचा किंवा पीएमजीचा, ८२.५ केव्हीएच्या पुढचा पाहू असं ठरलंय. अध्यक्षांना मी कोटेशन मागायचा मसुदा लिहून दिला, त्यात स्थिर लोडवरच्या रेग्युलेशनचा तो टक्का विचारलेलाच नाही. एक्स-डी-डॅश किती, एव्हीआरची पॉवर कुठून, २० एचपी स्टार-डेल्टा उठताना व्होल्टेज किती बसेल आणि किती वेळात सावरेल, शॉर्ट सर्किटला किती करंट किती सेकंद, सेन्सिंग किती फेजचं, आणि वाइंडिंग जळलं तर भरून कोण देईल. आतापर्यंत दोन डीलरनी उत्तर दिलं, त्यातल्या एकानं सगळे रकाने भरले.